उंबरठ्यावरचा राखणदार

घराच्या राखणीसाठीं कुत्रा पाळावयाचा झाल्यास गृहस्थापुढें दोन मागण्या एकदम उभ्या राहतात, आणि त्या परस्परविरुद्ध भासतात. अपरात्रीं कुंपणावरून उडी टाकणाऱ्या चोरास त्या कुत्र्याचें भय वाटलें पाहिजे. आणि त्याच कुत्र्याचा कान घरांतल्या रांगत्या मुलानें ओढला, तर त्यानें तो निमूटपणें ओढूं दिला पाहिजे. नुसता उग्र कुत्रा मिळणें कठीण नाहीं. नुसता गरीब कुत्राहि कठीण नाहीं. परंतु हे दोन्ही गुण ज्याच्या ठिकाणीं एकत्र नांदतात असा कुत्रा कसा ओळखावा आणि कसा मिळवावा, ह्या प्रश्नानें मनुष्याला निदान तीन हजार वर्षें विचार करावयास लाविलें आहे. येथें निवड चुकली तर तिची किंमत कोठें तरी मोजावी लागतेच. कुत्रा फार सौम्य निघाला तर घरांतलें धन जातें. फार क्रूर निघाला तर घरांतलेंच एखादें माणूस जायबंदी होतें.

आपल्या वाङ्मयांत हा प्रश्न प्रथम भेटतो तो ऋग्वेदांत. सातव्या मंडलांतील पंचावन्नावें सूक्त वास्तोष्पतीच्या, म्हणजे घराच्या रक्षक देवतेच्या, स्तवनानें सुरू होतें आणि लगेच दारांतल्या कुत्र्याकडे वळतें. इंद्राची कुत्री सरमा, तिचा वंशज म्हणून त्याला सारमेय म्हटलें आहे. त्याचे दांत शस्त्रांच्या टोंकांसारखे चमकतात असें वर्णन करून, त्यानें चोरावर व लुटारूवर भुंकावें, इंद्राच्या उपासकांवर भुंकूं नये, अशी त्याची समजूत घातली आहे. आणि शेवटीं घरांतलीं सर्व माणसें व तो कुत्रा ह्या सर्वांनाच झोंप लागो, अशी इच्छा प्रकट केली आहे. हें सूक्त घरच्या माणसाचें कीं रात्रीं परक्या घरांत पाऊल टाकणाऱ्याचें, ह्याविषयीं पंडितांत मतभेद आहेत. स्वतः वसिष्ठ वरुणाच्या घरांत रात्रीं शिरला असतां कुत्रा अंगावर धांवून आला, अशी कथाहि परंपरेनें त्यास जोडलेली आहे. कोणताहि अर्थ घेतला तरी बोलणारा व कुत्रा ह्यांच्यामधला वाद एकच राहतो. आपला कोण आणि परका कोण, हें त्या कुत्र्यानें कसें ठरवावें? घराच्या राखणदाराचा सगळा इतिहास ह्या एका प्रश्नाभोंवतीं फिरतो.

मनुष्य आणि कुत्रा ह्यांचा स्नेह घरांहूनहि जुना आहे. जर्मनींत बॉन शहराजवळ ओबरकासेल येथें १९१४ सालीं दगडाच्या खाणींत काम करणाऱ्या मजुरांना एक प्राचीन दफन सांपडलें. त्यांत एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांच्याबरोबर एका कोंवळ्या कुत्र्याचीं हाडें होतीं. तें दफन सुमारें चौदा हजार वर्षांपूर्वींचें आहे. त्या काळीं शेती नव्हती, धान्याची कोठारें नव्हतीं, चोरानें न्यावें असें फारसें धनहि नव्हतें. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत त्या पिल्लाच्या दांतांवरील खुणांवरून असें अनुमान काढण्यांत आलें कीं, त्याला मरणापूर्वीं कित्येक आठवडे कुत्र्यांचा एक भयंकर सांथीचा ताप होता, आणि माणसांनीं शुश्रूषा केल्यावांचून तें इतके दिवस जगणें शक्य नव्हतें. आजारी पिल्लू शिकारीच्याहि कामाचें नाहीं आणि राखणीच्याहि कामाचें नाहीं. तरीहि त्याला जपलें गेलें आणि माणसांशेजारीं पुरलें गेलें. आपल्या देशांतहि काश्मीरांत श्रीनगरजवळच्या बुर्झहोम येथें नवाश्मयुगांतील माणसांच्या थडग्यांत कुत्रीं पुरलेलीं आढळलीं आहेत. ह्यावरून एवढें म्हणतां येईल कीं, कुत्रा माणसाच्या सहवासांत आला तो कांहीं पगारी पहारेकरी म्हणून नव्हे. राखण हा त्या सहवासांतून पुढें निघालेला गुण होय.

पुढें शेती आली, भिंती उभ्या राहिल्या, कोठारें भरलीं, आणि कुत्र्याचें स्थान दाराशीं ठरलें. मेसोपोटेमियांतील निनेव्हे येथें असुरबनिपाल राजाच्या राजवाड्यांत, इ. स. पूर्वीं सुमारें ६४५ ह्या काळांतल्या पांच लहान मातीच्या कुत्र्यांच्या मूर्ति सांपडल्या. त्या आज लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें आहेत. दाराजवळच्या जमिनींत त्या पुरलेल्या होत्या, आणि वाईट शक्तींना उंबरठा ओलांडूं द्यावयाचा नाहीं हें त्यांचें काम होतें. प्रत्येकीवर त्या कुत्र्याचें नांव कोरलें आहे. एकाच्या नांवाचा अर्थ ‘मोठ्यानें भुंकणारा’ असा आहे, दुसऱ्याच्या नांवाचा ‘शत्रूला पकडणारा’ असा, आणि तिसऱ्याला तर विचार करीत न बसतां चावा घेण्याची आज्ञाच नांव म्हणून दिलेली आहे.

मातीच्या कुत्र्याला असें नांव शोभतें, कारण तो कोणाला चावत नाहीं. जिवंत कुत्र्याच्या बाबतींत त्याच भूमींतील लोक अधिक सावध होते. एश्नुन्ना नांवाच्या राज्याचे जुने कायदे बगदादजवळील उत्खननांत विसाव्या शतकांत उजेडांत आले. सुमारें पावणेचार हजार वर्षांपूर्वींच्या त्या कायद्यांत एक कलम चावऱ्या कुत्र्यासंबंधीं आहे. कुत्रा दुष्ट आहे अशी सूचना अधिकाऱ्यांनीं मालकाला दिली असूनहि त्यानें त्यास आवरलें नाहीं, आणि त्याच्या चाव्यानें मनुष्य मेला, तर मालकानें चाळीस शेकेल चांदी भरावी, असें तें कलम सांगतें. मारक्या बैलानें मनुष्य मारला तरीहि दंड तेवढाच. हा कायदा करणाऱ्यानें कुत्र्याची जात विचारली नाहीं. त्या विशिष्ट कुत्र्याचा स्वभाव व त्या मालकाची जबाबदारी ह्यांकडे पाहिलें. १९९१ सालीं ब्रिटनमध्यें धोकादायक कुत्र्यांसंबंधीं कायदा झाला तेव्हां मात्र त्यांत कांहीं जातींचीं नांवेंच घातलीं गेलीं, आणि जातीवरून स्वभाव ठरवावा कीं नाहीं ह्याविषयींचा तेथील वाद नंतर अनेक वर्षें चालूं राहिला.

ग्रीक लोकांनीं ह्या विषयाचें मर्म प्रथम स्पष्ट शब्दांत मांडलें. होमरच्या ‘ओडिसी’ ह्या महाकाव्यांत वीस वर्षांनीं मायदेशीं परतलेला ओडिसियस भिकाऱ्याच्या वेषांत आपल्या डुकरें राखणाऱ्या सेवकाच्या झोंपडीकडे जातो. तेथें चार दांडगे कुत्रे त्याच्या अंगावर धांवतात. तो शहाणपणानें खालीं बसतो व हातांतली काठी टाकून देतो. तरीहि सेवक धांवत येऊन दगड मारून कुत्र्यांना हांकलतो, म्हणूनच तो वांचतो. पुढें ओडिसियसचा पुत्र तेथें येतो तेव्हां तेच कुत्रे न भुंकतां शेंपूट हालवीत त्याच्याभोंवतीं घोंटाळतात, आणि त्यांच्या त्या वागण्यावरूनच येणारा मनुष्य ओळखीचा आहे हें आंत बसलेल्यांस कळतें. राजा स्वतः दारांत आला तरी त्याच्यावर गुरकावणें आणि राजपुत्र आला असतां त्याच्यापुढें लोळण घेणें, ह्यांत त्या कुत्र्यांचा दोष कांहींच नाहीं. एकाला त्यांनीं कधीं पाहिलें नव्हतें, दुसरा त्यांच्यांत नेहमीं येत असे.

इ. स. पूर्वीं चौथ्या शतकांत प्लेटोनें आपल्या ‘रिपब्लिक’ ह्या ग्रंथाच्या दुसऱ्या भागांत हीच गोष्ट राज्याच्या रक्षकांविषयीं बोलतांना सांगितली. रक्षक शत्रूशीं कठोर आणि स्वजनांशीं मृदु असावा; परंतु हे दोन गुण एकत्र कसे राहावे, अशी शंका निघते. तेव्हां सॉक्रेटीस चांगल्या जातिवंत कुत्र्याकडे बोट दाखवितो. परक्यानें त्याला कांहीं अपाय केलेला नसला तरी तो त्याच्यावर चिडतो, आणि ओळखीच्यानें कधीं घांसभर अन्न दिलेलें नसलें तरी त्याचें स्वागत करितो. म्हणजे त्याच्या प्रेमाचा व रोषाचा आधार ज्ञान आणि अज्ञान हा आहे. सॉक्रेटीस थोड्या विनोदानें कुत्र्याला तत्त्वज्ञानी म्हणतो. पण त्या विनोदांत ह्या विषयाचें सार आहे. सौम्यपणा व उग्रपणा हे दोन निरनिराळे स्वभाव एका कातड्यांत कोंबावयाचे नसतात. ओळख हीच त्या दोहोंची मर्यादा असते, आणि ज्याला घर नीट ओळखूं दिलें गेलें नाहीं त्या कुत्र्याजवळ ती मर्यादा आंखण्याचें साधनच नसतें.

प्लेटोला कुत्र्याचा उपयोग दृष्टान्तापुरता होता. प्रत्यक्ष कुत्रा विकत घेऊन दाराशीं बांधणाऱ्या गृहस्थासाठीं तपशिलानें लिहिलें तें रोमन लोकांनीं. व्हारो ह्या पंडितानें इ. स. पूर्वीं ३७ च्या सुमारास, वयाच्या ऐंशीव्या वर्षीं, शेतीवर ग्रंथ लिहिला. त्यांत तो सांगतो कीं, कळपासाठीं कुत्रा शिकाऱ्याकडून घेऊं नये व खाटकाकडूनहि घेऊं नये. खाटकाचा कुत्रा आळशी असतो; शिकाऱ्याचा कुत्रा ससा किंवा हरिण दिसतांच मेंढ्या सोडून त्याच्या मागें धांवतो. ज्या कामासाठीं कुत्रा हवा त्या कामांत वाढलेल्यांच्या घरून तो आणावा. कुत्रा कळपापेक्षां मनुष्याला किती जोडला जातो ह्याचा दाखला म्हणून तो आणखी एक हकीकत देतो. अमितेर्नुम गांवच्या आउफिदियुस पोंतियानुस नांवाच्या एका गृहस्थानें उंब्रिया प्रांतांत मेंढ्यांचे कळप विकत घेतले. त्यांबरोबर कुत्रे आले. मेंढपाळांनीं मात्र कळप इटलीच्या दक्षिण टोंकाकडे पोंचवून परत जावयाचें, असा करार होता. मेंढपाळ घरीं परतले, आणि थोड्याच दिवसांनीं ते कुत्रेहि कित्येक दिवसांची वाट तुडवून, रानांत मिळेल तें खाऊन, आपल्या जुन्या माणसांकडे उंब्रियांत जाऊन पोंचले. पैसे देऊन मालकी बदलली, परंतु कुत्र्यांच्या मनांतला मालक बदलला नाहीं.

व्हारोनंतर सुमारें शंभर वर्षांनीं कोलुमेला ह्या स्पेनमध्यें जन्मलेल्या लेखकानें आपल्या शेतीविषयक ग्रंथाच्या सातव्या भागांत घरचा राखणदार कसा असावा ह्याचें जें वर्णन केलें आहे, तें आजहि वाचण्यासारखें आहे. घरच्या कुत्र्याचें शरीर भरदार असावें आणि आवाज मोठा व खणखणीत असावा, म्हणजे दुष्ट मनुष्य प्रथम त्याच्या आवाजानें आणि नंतर त्याच्या दर्शनानें घाबरेल. कित्येकदां तर कुत्रा दिसण्यापूर्वींच तो पळून जाईल. त्याचा रंग काळा असावा. दिवसा काळा कुत्रा अधिक भयंकर दिसतो, आणि रात्रीं तो काळोखांत मिसळून जात असल्यामुळें चोराच्या अगदीं जवळ जाऊं शकतो. मेंढपाळाचा कुत्रा मात्र पांढरा असावा. नाहींतर अंधुक उजेडांत लांडगा समजून त्याच्यावरच घाव पडावयाचा. घरच्या कुत्र्याला चपळाईची फारशी गरज नाहीं, कारण त्याचें काम दूर धांवण्याचें नसून जागेवर राहून वास घेण्याचें व सूचना देण्याचें आहे. नांव दोन अक्षरांचें असावें, म्हणजे हांक मारतांच त्याला कळेल.

ह्यापुढें कोलुमेला स्वभावाकडे वळतो. फार सौम्य कुत्रा निवडूं नये, कारण तो चोरापुढेंहि शेंपूट हालवितो. फार क्रूरहि निवडूं नये, कारण तो घरच्या माणसांवरहि तुटून पडतो. त्यानें गंभीर असावें, लघळ नसावें. परक्यांवर नेहमीं रोष धरावा, परंतु घरांत राहणाऱ्या नोकराचाकरांकडे त्यानें थोड्या कठोर नजरेनें पाहिलें तरी चालेल, एवढेंच तो म्हणतो. राखणींत सर्वांत महत्त्वाचा गुण त्याच्या मतें सावधपणा. कुत्र्यानें उगाच भटकूं नये, आणि खोट्या संशयानें वारंवार भुंकत सुटूं नये. ज्याच्या भुंकण्याला अर्थ असतो त्याच्याच भुंकण्यानें मालक उठतो.

एका बाबतींत मात्र रोमन लोकांनीं घरच्या कुत्र्यावर अन्याय केला. कुत्रे दिवसा कोंडून ठेवावे, म्हणजे ते रात्रीं अधिक तल्लख राहतात, असें कोलुमेलाच्या दोनशें वर्षें आधीं जुन्या कातोनें लिहून ठेविलें होतें. ह्या चालीचें एक दुःखद चित्र पॉम्पेई शहरांत शिल्लक राहिलें आहे. इ. स. ७९ मध्यें व्हेसुव्हियस पर्वताचा स्फोट झाला तेव्हां व्हेसोनियुस प्रीमुस ह्याच्या घराच्या दाराशीं एक कुत्रा साखळीनें बांधलेला होता. माणसें पळालीं, कुत्र्याला कोणी सोडलें नाहीं. राखेचा थर चढत गेला तसा तोहि वर चढत गेला असावा, आणि साखळी संपली तेथें त्याचा अंत झाला. त्याच्या देहानें राखेंत जी पोकळी ठेविली होती तींत १८७४ सालीं चुन्याचा द्रव ओतून त्याची आकृति काढण्यांत आली. गळ्यांतल्या पट्ट्यासह पिळवटलेला तो देह पाहणारास आजहि अस्वस्थ करितो. त्याच शहरांतल्या दुसऱ्या एका घराच्या प्रवेशदारीं रंगीत खड्यांच्या नक्षींत साखळीचा काळा कुत्रा काढलेला असून त्याखालीं कुत्र्यापासून सावध राहण्याची सूचना लिहिलेली आहे. आज जगभर दारोदार दिसणाऱ्या पाटीचा तो पूर्वज होय.

रोमन लोकांचा रागहि कुत्र्यांनीं सोसला आहे. इ. स. पूर्वीं ३९० मध्यें गॉल लोक रात्रीं रोमच्या टेंकडीवरील गडावर चढूं लागले तेव्हां कुत्रे गप्प राहिले आणि देवीच्या हंसांनीं कलकलाट करून पहारेकऱ्यांना उठविलें, अशी कथा आहे. ह्या अपराधासाठीं पुढें दरवर्षीं रोममध्यें कुत्र्यांना सुळावर देऊन हंसाची पालखींतून मिरवणूक काढीत. पूर्वजांच्या चुकीसाठीं पिढ्यान् पिढ्या वंशजांना शिक्षा देण्याचा हा प्रकार न्यायाला धरून नव्हता, हें उघड आहे.

नेमका हाच विचार आपल्याकडच्या दोन जुन्या कथांत आला आहे. महाभारताच्या आरंभींच, आदिपर्वांत, जनमेजयाच्या यज्ञमंडपाजवळ आलेल्या एका कुत्र्याला राजाचे भाऊ मारतात. त्यानें हविर्द्रव्याकडे पाहिलेंहि नव्हतें, चाटलेंहि नव्हतें. त्याची आई सरमा राजसभेंत येऊन आपल्या मुलाचा अपराध काय, असें विचारते. कोणालाच उत्तर देतां येत नाहीं, आणि राजवंशाला अकल्पित भयाचा शाप मिळतो. पाली जातकांतील बाविसाव्या कथेंत काशीच्या राजाच्या रथाचें कातडी सामान अंगणांत पावसांत भिजत राहतें व रात्रीं कुत्रे तें खातात. बाहेरचे कुत्रे गटारांतून शिरले असावे असें समजून राजा शहरांतले सर्व कुत्रे मारण्याची आज्ञा देतो. राजवाड्यांतल्या उत्तम जातीच्या कुत्र्यांना तेवढी सूट असते. तेव्हां स्मशानांतल्या कुत्र्यांचा नायक झालेला बोधिसत्त्व दरबारांत येऊन ताक व दर्भ मागवितो, आणि वाड्यांतल्या कुत्र्यांना तें पाजावयास सांगतो. त्यांच्या पोटांतून कातड्याचे तुकडे बाहेर पडतात. उत्तम वंश हा चांगल्या वर्तनाचा पुरावा नव्हे, आणि उकिरड्यावरचा जन्म हा दोषाचा पुरावा नव्हे, हें ह्या कथेनें दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वींच्या श्रोत्यांना हंसतहंसत शिकविलें. चाणक्याच्या नांवावर चालणाऱ्या नीतिवचनांतहि कुत्र्यापासून शिकावयाचे सहा गुण सांगितले आहेत. त्यांत गाढ झोंप आणि चाहूल लागतांच जाग, स्वामिभक्ति आणि शौर्य ह्या जोड्या शेजारींशेजारीं बसविल्या आहेत. महाराष्ट्रांत तर खंडोबाबरोबर कुत्रा असतो, दत्ताच्या पायांशीं चार कुत्रे बसलेले असतात, आणि खंडोबाचे उपासक स्वतःला देवाचे कुत्रे मानून ‘वाघ्या’ हें नांव अभिमानानें मिरवितात. ज्या धनगरांचा हा देव, त्यांच्या कळपाभोंवतीं रात्रभर जागणारा कुत्रा पाहिला म्हणजे ह्या मानाचें कारण कळतें.

कळपाचा कुत्रा आपल्याहून दुबळ्या प्राण्यांत राहून त्यांना इजा कशी करीत नाहीं, ह्याचें सर्वांत बोलकें वर्णन चार्ल्स डार्विननें केलें आहे. १८३३ सालीं दक्षिण अमेरिकेंत, हल्लींच्या उरुग्वे देशांत, हिंडत असतां त्याला माणसांपासून कित्येक मैल दूर, एक-दोन कुत्र्यांच्या राखणीखालीं चरणारे मेंढ्यांचे मोठे कळप दिसले. चौकशी करतां कळलें कीं, पिल्लू अगदीं लहान असतांच आईपासून वेगळें करितात, दिवसांतून तीन-चार वेळां मेंढीला धरून तिचें दूध त्यास पाजतात, आणि मेंढवाड्यांतच लोंकरीचें अंथरूण करून त्यास ठेवितात. इतर कुत्र्यांत व घरच्या मुलांतहि त्याला मिसळूं देत नाहींत. असा कुत्रा मोठा झाला म्हणजे रोज मांसाचा तुकडा नेण्यासाठीं घरीं येतो, तेव्हां घरचे कुत्रे त्याच्या पाठीस लागतात व तो चोरासारखा पळत सुटतो. परंतु कळपाशीं पोंचतांच तो वळून उभा राहतो आणि भुंकूं लागतो. मग घरचे सगळे कुत्रे माघार घेतात. एकच कुत्रा एका जागीं भित्रा व दुसऱ्या जागीं शूर ठरतो. ज्यांच्यांत तो वाढला त्यांच्याजवळ त्याचें शौर्य राहतें. ह्या हकीकतींतली एक गोष्ट गृहस्थानें विशेष ध्यानांत घ्यावी : मेंढ्यांचा रक्षक करावयाचा म्हणून त्याला मुलांपासून दूर ठेवीत. मुलांचा रक्षक करावयाचा असेल तर त्याला मुलांतच वाढविलें पाहिजे.

युरोपांतहि राखणीच्या कुत्र्यांतून सौम्यतेचे नमुने निघाले. स्वित्झर्लंड व इटली ह्यांच्या सीमेवरील सेंट बर्नार्ड घाटांत, सुमारें आठ हजार फूट उंचीवर, प्रवाशांसाठीं ख्रिस्ती साधूंची एक धर्मशाळा आहे. तेथें सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत मोठे कुत्रे ठेविले गेले ते पहाऱ्यासाठीं. पुढें तेच साधूंबरोबर बर्फांत वाट शोधूं लागले आणि गाडल्या गेलेल्या वाटसरूंचा माग काढूं लागले. त्यांपैकीं १८०० सालीं जन्मलेल्या बॅरी नांवाच्या कुत्र्यानें चाळीसांहून अधिक माणसें वांचविलीं असें सांगतात. तो म्हातारपणीं बर्न शहरांत १८१४ सालीं वारला, आणि त्याचा पेंढा भरलेला देह तेथील संग्रहालयांत ठेविलेला आहे. जर्मनींत १८९९ सालीं माक्स फॉन श्टेफानिट्स ह्या लष्करी अधिकाऱ्यानें मेंढपाळी कुत्र्यांतून आज सर्वत्र पोलिसांचा कुत्रा म्हणून ओळखली जाणारी जात स्थिर केली. १९१६ सालीं, महायुद्ध चालूं असतां, दृष्टि गमावलेल्या सैनिकांना वाट दाखविणाऱ्या कुत्र्यांची शाळा ओल्डेनबुर्ग येथें निघाली, तेव्हां तें काम मुख्यतः ह्याच जातीकडे आलें. चोरावर झेंप घेणारा कुत्रा तोच, आणि आंधळ्याला रस्त्याच्या कडेशीं थांबविणारा कुत्राहि तोच. इंग्लंडांत बुलमॅस्टिफ जातीला १९२४ सालीं स्वतंत्र मान्यता मिळाली. श्रीमंतांच्या रानांतून शिकार चोरणाऱ्या माणसाला फाडून न टाकतां खालीं पाडून दाबून धरणें, हें त्या जातीच्या पूर्वजांचें काम होतें. राखणीसाठीं रक्त काढावेंच लागतें असें नाहीं, हें अनुभवानें ठरलें होतें.

ह्या जुन्या अनुभवांना विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत शास्त्राचा आधार मिळाला. अमेरिकेंतील बार हार्बर येथील प्रयोगशाळेंत कुत्र्यांच्या वाढीचा अनेक वर्षें अभ्यास झाला. १९६१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत कांहीं पिल्लें कुंपण घातलेल्या मैदानांत माणसाशीं संबंध न येऊं देतां वाढविलीं गेलीं. ज्यांना तिसऱ्या ते नवव्या आठवड्यांच्या दरम्यान माणसांचा सहवास घडला तीं माणसाळलीं; ज्यांना चौदा आठवड्यांपर्यंत तो मुळींच घडला नाहीं तीं रानटी जनावरांसारखीं भित्रीं राहिलीं, आणि नंतर प्रयत्न करूनहि तीं फारशीं सुधारलीं नाहींत. जॉन पॉल स्कॉट व जॉन फुलर ह्यांनीं १९६५ च्या आपल्या ग्रंथांत हा काळ साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंत धरला आहे. ह्या काळांत जीं माणसें, जीं मुलें, जे आवाज पिल्लाच्या ओळखीचे होतात ते त्याला जन्मभर आपले वाटतात. भीति हें चाव्याचें एक मोठें कारण असल्यामुळें हा काळ वायां घालविलेला कुत्रा पुढें घरालाच धोका होऊं शकतो. २०२२ सालीं अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या पाहणीवरून आणि दोन हजारांवर कुत्र्यांच्या आनुवंशिक द्रव्याच्या तपासणीवरून असें आढळलें कीं, दोन कुत्र्यांच्या वागण्यांतल्या फरकापैकीं सरासरी नऊ टक्केच फरक जातीवरून सांगतां येतो. जातकांतल्या बोधिसत्त्वाला हा आंकडा ऐकून नवल वाटलें नसतें.

तेव्हां हा सारा इतिहास आज कुत्रा निवडणाऱ्या गृहस्थाला काय सांगतो? प्रथम त्यानें जातीच्या नांवानें दिपून जाऊं नये. जातीवरून देहाचा आकार, केंस, आवाज, धांव ह्यांचा अंदाज लागतो. मन मात्र त्या एका पिल्लाचें पाहावें लागतें. शक्य असेल तर पिल्लाची आई पाहावी. ती परक्याला पाहून भुंकते, परंतु मालकानें खूण करतांच शांत होते, तर तें चांगलें लक्षण होय. ती भयानें कोपऱ्यांत दडते किंवा मालकालाहि जुमानीत नाहीं, तर तेथून परत फिरावें. पिल्लांमध्येंहि सर्वांना ढकलून पुढें येणारें आणि सर्वांच्या मागें कांपत बसणारें, हीं दोन्हीं टोंकें सोडून, हांक मारतांच कुतूहलानें जवळ येणारें मधलें पिल्लू घ्यावें. कोलुमेलाचा मध्यममार्ग तो हाच. सुमारें आठ आठवड्यांचें पिल्लू घरीं आणलें म्हणजे त्याच्या ओळखीचा अमोल काळ घराच्याच वांट्याला येतो.

त्यानंतर निवड संपत नाहीं. ती खऱ्या अर्थानें सुरू होते. दाराबाहेर साखळीला कायमचा जखडलेला कुत्रा घराचा होत नाहीं. त्याच्या दृष्टीनें आंतून येणारा आणि बाहेरून येणारा दोघेहि सारखेच त्याच्या वर्तुळावर आक्रमण करणारे असतात, आणि तो दोघांवरहि सारखाच तुटून पडूं लागतो. उलट ओसरीवर वावरणारा, मुलांच्या खेळांत वाढलेला, माणसांच्या जेवणाच्या व झोंपण्याच्या वेळा ओळखणारा कुत्रा रात्रीं अनोळखी पावलाचा आवाज ऐकतांच उठतो. त्याला चावावयास शिकवावें लागत नाहीं. बहुतेक वेळां त्याचें भुंकणेंच पुरेसें होतें, कारण घर झोंपेंत असावें एवढीच चोराची अपेक्षा असते. मुलांनाहि शिस्त हवी. जेवणाऱ्या किंवा झोंपलेल्या कुत्र्याला छेडूं नये, हें त्यांना सांगावें. आणि कुत्रा कितीहि सौम्य असो, अगदीं लहान मूल त्याच्याजवळ एकटें सोडूं नये. पाश्चर ह्यानें १८८५ सालीं पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषावर लस टोंचून एका मुलाचे प्राण वांचविले, आणि १९०० सालीं आपल्या देशांत कसौली येथें त्यासाठीं संस्था निघाली. त्यानंतर पाळीव कुत्र्याला वेळेवर लस न टोंचण्यास कोणतीहि सबब उरलेली नाहीं.

जुन्या ग्रंथकारांनीं कुत्र्याचा रंग, आवाज, छाती, दांत ह्यांची पुष्कळ चर्चा केली. ती निरुपयोगी नाहीं. परंतु सारमेयाची समजूत घालणाऱ्या त्या सूक्तापासून प्रयोगशाळेंतल्या पिल्लांपर्यंत पुन्हापुन्हा दिसून आलेली गोष्ट अशी कीं, परका कोण हें कुत्र्याला कळण्यापूर्वीं आपला कोण हें कळावें लागतें. तें कळविण्याचें काम बाजारांत होत नाहीं आणि किंमत देऊन होत नाहीं. तें घरांतल्या माणसांनीं रोज थोडें थोडें करावें लागतें. ज्या घरानें तें केलें, त्या घराच्या दारांत बसलेला कुत्रा मुलाच्या हाताखालीं मान देतो, आणि कुंपणाशीं पाऊल वाजतांच तीच मान ताठ करितो.